एक्झोरा दर उन्हाळ्यात पिवळा पडतो, त्याचं काय करायचं?

फेब्रुवारी उजाडला की आमच्या गच्चीवरचा एक्झोरा पिवळा पडायला लागायचा. खालची जुनी पानं गर्द हिरवी, टणक, चकचकीत, आणि शेंड्याची कोवळी पानं लिंबाच्या सालीच्या रंगाची. एप्रिलपर्यंत ती पांढुरकी व्हायची, मे महिन्यात कडा करपायच्या, कळ्यांचे गुच्छ यायचे पण अर्धेमुर्धे उमलून गळायचे. मग पाऊस लागायचा, आणि ऑगस्टमध्ये त्याच फांद्यांना अशी हिरवीगार पालवी फुटायची की वाटावं, सुटला बुवा प्रश्न. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुण्यात हा प्रकार मी सलग चार वर्षं पाहिला. दर वर्षी काहीतरी घातलं, कधी थोडा फरक पडला, आणि दर वर्षी झाड पुन्हा पिवळं झालं.

माझं आजोळ सावंतवाडीकडे. तिथे हेच झाड कुंपणाला आहे, पुरुषभर उंच, आणि बारा महिने हिरवं. एक्झोरा हे नाव नर्सरीतलं. गोव्यात याला पिटकोळी म्हणतात, कोकणात कुठे पेंटगूळ, कुठे बकोरा. लाल फुलाची नळी देठाकडून ओढून मध चोखायचा आणि पिकलेली काळपट जांभळी फळं खायची, हा तिथल्या पोरांचा उद्योग. मामीला एकदा विचारलं, याला खत काय घालतेस? ती म्हणाली, "तेका काय करूचा आसता? पावस पडता, ता वाढता." तेव्हा मी हसलो होतो. नंतर कळलं की अर्धं निदान त्या वाक्यात होतं.

आधी पिवळेपणा कोणता ते बघा. "झाड पिवळं पडलंय, काय घालू?" या प्रश्नाला उत्तरच नसतं, कारण पिवळं पडण्याचे किमान चार प्रकार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. झाडापुढे बसा आणि दोन गोष्टी पाहा: आधी कोणतं पान पिवळं झालं, आणि पानाच्या शिरांचा रंग काय आहे.

पिवळेपणा शेंड्याच्या नव्या पानांपासून सुरू झालाय, शिरा हिरव्या आहेत आणि मधला भाग पिवळा, जणू कोणी हिरव्या पेनाने पिवळ्या कागदावर जाळी काढलीय, तर ती लोहाची कमतरता. लोह एकदा पानात बसलं की झाडाला ते तिथून काढून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून जुनी पानं शाबूत राहतात आणि नवी उपाशी जन्मतात. याउलट नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते उपसून शेंड्याला पाठवतं. तेव्हा खालची पानं आधी आणि सरसकट पिवळी होतात, शिरांसकट. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या दिसतात खऱ्या, पण तेही खालच्या जुन्या पानांवर. आणि सगळंच झाड मलूल, पानं खालून-वरून कशीही पिवळी होऊन गळतायत आणि माती बोट घालून पाहिली तर ओली चिक्क, तर मुळं कुजली आहेत. तिथे लोह घालून उपयोग नाही, पाणी थांबवा.

इथून पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे. शहरात एक्झोऱ्याची तक्रार बहुतेक वेळा तीच असते. खात्री करून घ्यायची एक स्वस्त युक्ती आहे. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा आणि एकाच फांदीवरच्या पिवळ्या पानांचा अर्धा भाग त्या पाण्याने कापसाने पुसा, अर्धा तसाच सोडा. आठ-दहा दिवसांत पुसलेला अर्धा हिरवा झाला तर लोहच. मी फवाऱ्याने हे केलं तेव्हा मजा दिसली होती: जिथे जिथे थेंब बसला तिथे तिथे हिरवा ठिपका, बाकी पान पिवळंच. देवीचे व्रण असावेत तसं. काहीच फरक पडला नाही तर मँगेनीज असू शकतं. त्याची लक्षणं जवळजवळ सारखीच दिसतात आणि दोन्हीचं मूळ कारणही एकच असतं.

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना हे नवं वाटायचं नाही. चुनखडीच्या रानात ऊस पिवळा-पांढरा पडतो त्याला शेतकरी "केवडा पडला" म्हणतात. आमच्या गच्चीवर पडत होता तो केवडाच.

लोह असून उपास

मला सगळ्यात चकवलं ते इथे. कमतरता लोहाची, म्हणून मी लोह घालत राहिलो. पण आपल्या दख्खनच्या मातीत लोहाचा तोटा नाही. ही माती ज्या बेसाल्टची बनली त्यात लोहाची ऑक्साईडं वजनाने १० टक्क्यांच्या वर असतात. कुंडीभर मातीत एका झाडाला कित्येक जन्म पुरेल इतकं लोह पडून आहे. ते विरघळत नाही, हा खरा प्रश्न. मातीचा सामू, म्हणजे पीएच, १ अंकाने चढला की विरघळणारं लोह सुमारे हजारपटीने कमी होतं. दहापट नव्हे, हजारपट. कोकणातल्या जांभ्या मातीचा सामू ५ ते ६.५ च्या आसपास असतो. पुण्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या मातीचा ७.५ ते ८.५. एक्झोरा मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या आम्लधर्मी लाल मातीतला. त्याच्या मुळांना ६ च्या आतबाहेरची माती लागते. बोर, कडुनिंब चुनखडीतही मुळांवाटे लोह मिळवतात, याला ती कला फारशी येत नाही. कॉफी आणि अनंत ही त्याच्याच कुळातली झाडं, आणि अनंताचीही रड हीच. तुमच्याकडे अनंत पिवळा असेल तर हा सगळा लेख अनंताचं नाव घालून वाचा.

याच प्रजातीतल्या सह्याद्रीच्या रानातल्या एका झाडाचं मराठी नाव लोखंडी आहे. आमच्या लोखंडीच्या भावाला गच्चीवर लोखंड पचत नव्हतं.

मग पावसाळ्यात झाड आपोआप हिरवं का व्हायचं? हा प्रश्न मी पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता. माती तीच, कुंडी तीच, खत तेच. बदलायचं ते फक्त पाणी.

चार वर्षांची चुकांची वही

पहिल्या वर्षी माळीबुवांच्या सांगण्यावरून मातीत दोन चमचे हिराकस टाकलं आणि पाणी घातलं. हिरवट खडे दुसऱ्या दिवशी तांबूस झाले, आठवड्यात मातीवर गंजाचा थर. हिराकसमधलं विरघळणारं लोह चुन्याच्या संगतीत आलं की हवेने गंजतं आणि पुन्हा दगड होऊन बसतं. झाडाला त्यातलं चिमूटभर मिळालं असेल. गच्चीच्या फरशीवर मात्र जे तांबडे डाग पडले ते आजही आहेत.

दुसऱ्या वर्षी फवारणी केली. पानं हिरवी झाली, मी खूश. पण फवाऱ्याचं लोह ज्या पानावर पडलं त्याच पानापुरतं. पुढची पालवी पुन्हा पिवळी. फवारणी हे सलाईन आहे. रोगी उठून बसतो, पण अन्न सुरू झालं नाही तर पुन्हा झोपतो.

तिसऱ्या वर्षी कुंडी बदलली. नर्सरीतून तयार "गार्डन मिक्स" आणलं आणि मोठ्या कुंडीत झाड लावलं. दोन महिन्यांत आधीपेक्षा वाईट. पोतं पुन्हा उघडून नीट पाहिलं तर काळ्या मातीत प्लास्टरचे पांढरे तुकडे. कुठल्यातरी बांधकामाचा राडारोडा मिसळलेली माती होती. त्यावर घरातला शिरका (व्हिनेगर) शिंपडला तर सोडा फसफसावा तशी फसफसली.

चौथ्या वर्षी माती बदलली, कोकोपीट घातलं, झाड फेब्रुवारीपर्यंत झकास राहिलं. आणि पुन्हा पिवळं. त्या दिवशी मी वैतागून कुंडीपाशी बसलो होतो, हातात आरओचं बाहेर पडणारं पाणी भरलेली बादली. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते तीन वर्षं अभिमानाने झाडांना घालत होतो. बादलीच्या आत काठावर पांढरा थर साचला होता. मातीच्या कुंडीच्या बाहेरही तसाच पट्टा. तो पट्टा इतके दिवस रोज डोळ्यांसमोर होता.

आता हिशोब करू. धरणाचं पाणी त्या मानाने हलकं असतं, पण उन्हाळा लागला की आमच्याकडे टँकर आणि बोअर सुरू होतात. बोअरच्या जड पाण्यात चुनखडीच्या हिशोबात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षारता असणं काही विशेष नाही. कुंडीला रोज १ लिटर घातलं तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ३६ ग्रॅम चुनखडी मातीत गेली. आरओ यंत्र १ लिटर शुद्ध पाणी देताना २-३ लिटर बाहेर टाकतं, आणि मूळच्या पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार त्या २-३ लिटरमध्ये येतात. म्हणजे ३०० चे झाले ४०० ते ४५०. मी लोहाचे चमचे घालत होतो आणि त्याच हाताने चुन्याची भुकटी. पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतातच. जून ते सप्टेंबर कुंडी धुऊन निघायची, मातीचा सामू उतरायचा आणि झाड हिरवं व्हायचं. मामीच्या कुंपणाला दर वर्षी काही हजार मिलिमीटर असं धुणं मिळतं, तेही जांभ्यावर.

चुना नेमका कुठून येतोय?

तेव्हा दुरुस्तीची सुरुवात औषधाने करू नका, तपासाने करा. चुन्याचा दरवाजा एकच असतो असंही नाही.

माती: कोरड्या मातीचा चमचा बशीत घ्या आणि शिरका किंवा लिंबाचा रस टाका. कान जवळ नेऊन ऐका. फसफस ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले तर मातीत मोकळा चुना आहे. काहीच झालं नाही तरी सामू जास्त असू शकतो, पण मग दुरुस्ती सोपी. काही जण यासाठी संडास साफ करायचं ॲसिड वापरायला सांगतात. बशीभर मातीसाठी डोळे धोक्यात घालायची गरज नाही.

पाणी: गिझरची कॉइल, नळाची जाळी, बादलीचा काठ बघा. पांढरा कडक थर म्हणजे जड पाणी. आकडा हवा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात "केएच" मोजायच्या पट्ट्या किंवा थेंबांचं किट मिळतं. आपल्याला हवी ती हीच, बायकार्बोनेटची, म्हणजे वर सांगितलेल्या क्षारतेची मोजणी. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतं, त्यातला चुना किती ते सांगत नाही. आणि सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर हुरळून जाऊ नका. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, बायकार्बोनेट तसंच राहतं. साबणाला फेस येतो, झाडाला काडीचा फायदा नाही, उलट सोडियमचा भार.

भिंत: जमिनीत लावलेला एक्झोरा कंपाउंडच्या भिंतीला किंवा इमारतीच्या जोत्याला चिकटून असेल तर सिमेंट आणि प्लास्टरमधून झिरपणारा चुना थेट मुळांत येतो. ओळीतली भिंतीकडची झाडं पिवळी आणि दोन-तीन फूट लांबची हिरवी असं दिसलं तर वेगळी परीक्षा लागत नाही.

आपले लाड: बोनमील (हाडांचा चुरा), राख, अंड्याची टरफलं. तिन्ही गोष्टी कुठल्या ना कुठल्या झाडाला चांगल्या, पण एक्झोऱ्याला नकोत. राख सामू चढवते, टरफलं म्हणजे निव्वळ चुनखडी, आणि बोनमीलमध्ये कॅल्शियमसोबत स्फुरदही (फॉस्फरस), जे जास्त झालं की लोहाला आणखी जखडतं. "फुलं येत नाहीत, बोनमील घाला" हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की पिवळा एक्झोरा दिसला की मी आधी हेच विचारतो.

आता उपाय, माझ्या क्रमाने

पाणी पहिलं. पावसाचं साठवता आलं तर उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार नसल्यात जमा. आमच्या एका एसीतून उन्हाळ्यात दिवसाला बादलीभर निघतं आणि तीन कुंड्यांचं भागतं. आरओचं पाणी फरशी पुसायला. बोअरशिवाय पर्याय नसेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड. क्षारता ३०० च्या आसपास असेल तर १० लिटर पाण्याला ३ ग्रॅम. यातून साधारण ७० टक्के क्षारता मारली जाते. सगळी मारायच्या मागे लागू नका, थोडी राहू द्या, नाहीतर सामू एकदम खाली कोसळतो. पाणी १५-२० मिनिटं ठेवून सामूच्या पट्टीने पाहा, ६ ते ६.५ आलं की बस. तुमची क्षारता निम्मी असेल तर लिंबूसत्त्वही निम्मं. ३ ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षा जरा कमी, पण शक्यतो वजन करा.

याशिवाय महिन्यातून एकदा कुंडीला हलक्या पाण्याने भरपूर न्हाऊ घाला, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी, खालून मोकळं वाहू द्यायचं. साचलेले क्षार उतरतात. खालचं भोक बुजलेलं असेल तर आधी ते मोकळं करा.

माती दुसरी. शिरक्याने फसफसली तर ती माती दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, बदला. गंधक घालून सामू उतरतो हे खरं. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात. पण १ ग्रॅम गंधकातून होणारं आम्ल सुमारे ३ ग्रॅम चुनखडी संपवतं. १० किलो मातीत ५ टक्के चुनखडी असेल तर ती झाली ५०० ग्रॅम. तिला १६० ग्रॅमच्या वर गंधक लागेल, आणि तेवढ्यात झाडाचाच कारभार आटोपेल. ज्या मातीत मोकळा चुना नाही, नुसता सामू ७-७.५ आहे, तिथे मात्र गंधक कामाचं. १२ इंची कुंडीला ५ ग्रॅम भुकटी वरच्या थरात मिसळून ओल ठेवली की दीड-दोन महिन्यांत फरक दिसतो. थंडीत हे जिवाणू सुस्तावतात, म्हणून हे काम पावसाळ्याच्या तोंडावर करा.

नव्या भरावासाठी माझं प्रमाण: तांबडी माती चार वाट्या, धुतलेलं कोकोपीट तीन, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत दोन, आणि एक वाटी जाड वाळू. तांबडी म्हणून विकलेली प्रत्येक माती आम्लधर्मी असतेच असं नाही, ती आणि वाळू दोन्ही शिरक्याने तपासून घ्या. झाड बदलताना मुळांभोवतीची जुनी माती हलकेच झाडा, पण सगळी मुळं उघडी पाडू नका. एक्झोरा मुळं दुखावल्यावर महिनाभर रुसतो. जून-जुलै हा योग्य काळ.

लोह तिसरं, आणि इथे दुकानात नीट बघून घ्या. कृषी सेवा केंद्रात "चिलेटेड फेरस" मागितलं की बहुधा ईडीटीएची पुडी मिळते, १२ टक्के लोहाची. ईडीटीए हे लोहाला पकडून विरघळतं ठेवणारं रसायन. हे फवारायला चांगलं, लिटरला अर्धा ते १ ग्रॅम. पण मातीत सामू ६.५ च्या वर गेला की त्याची पकड सुटते, म्हणून आपल्या काळ्या मातीत ते ओतणं म्हणजे पैसे ओतणं. मातीत द्यायचं तर पुडीवर ईडीडीएचए ही अक्षरं शोधा. त्यात लोह ६ टक्केच, किंमत बरीच जास्त, पण सामू ९ पर्यंत ते लोहाला धरून ठेवतं. काळसर लाल दाणे, पाण्यात टाकले की गडद दारूसारखा रंग. १२ इंची कुंडीला २ ग्रॅम १ लिटर पाण्यात कालवून संध्याकाळी ओलसर मातीत घालायचं, कारण उन्हाने ते विघटतं. पुडीवरचं प्रमाण वेगळं असेल तर पुडीचं ऐका. वर्षातून दोनदा, जानेवारीअखेर आणि एप्रिलमध्ये, मला पुरतं.

पैसे वाचवायचे असतील तर हिराकसही चालतं, मात्र रीतीने. फवारणीसाठी १ लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, मग ५ ग्रॅम हिराकस, आणि लगेच वापरा. पाणी तांबूस झालं की ते गेलं. अगदी कोवळ्या पालवीला ३ ग्रॅमच घ्या. संध्याकाळी, फुलं वगळून, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. पहिली फवारणी एकाच फांदीवर करून दोन दिवस थांबा. मातीत द्यायचं तर नुसतं टाकू नका. १ किलो ओल्या शेणखतात १० ग्रॅम हिराकस मिसळून आठवडाभर झाकून ठेवा आणि मग ते खत मुळांच्या भोवती द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला थोडंफार धरून ठेवतात. केवडा पडलेल्या उसालाही हिराकस शेणखतात मुरवून द्यायला सांगतात ते यासाठीच. हिराकस लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, पोटात गेलं तर घातक असतं. आणि फरशीचं मी सांगितलंच.

लोह देऊनही पिवळेपणा अर्धवट राहिला तर मँगेनीज आणि जस्तही अडकलेलं असणार. मग सूक्ष्म अन्नद्रव्यांचं "ग्रेड २" म्हणून मिळणारं फवारणीचं मिश्रण एक-दोनदा द्या. रोजच्या खतात नत्रासाठी अमोनियम सल्फेट निवडलं तर तेही हळूहळू सामू उतरवतं. महिन्याला १२ इंची कुंडीला अर्धा चमचा, भरपूर पाण्यासोबत, त्याहून जास्त नाही.

गंजके खिळे पुरणं, चहाचा चोथा, एप्सम सॉल्ट ही तीन उत्तरं मला प्रत्येक ग्रुपवर मिळाली. गंज म्हणजे तेच न विरघळणारं लोह, जे मातीत आधीच ढिगाने आहे. चहाचा चोथा खत म्हणून बरा, सामू त्याने हलत नाही. एप्सम सॉल्ट मॅग्नेशियमसाठी. तुमची जुनी पानं पिवळी असतील तरच.

किती दिवसांत फरक पडेल, हा पुढचा प्रश्न असतो. फवारणीचा आठ-दहा दिवसांत. पाणी आणि माती सुधारल्याचा पुढच्या दोन पालव्यांत, म्हणजे दीड-दोन महिने. जी पानं पांढरी पडून करपली ती हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून औषध बदलत बसू नका. नवीन फुटलेल्या पानांकडे बघा.

लोह नसलेल्या काही तक्रारी

डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडकडच्या थंडीत पानं तांबूस होऊन गळाली तर ती थंडी आहे. झाड उष्ण प्रदेशातलं, १० अंशांच्या खाली त्याला सोसत नाही. गार मातीत मुळं लोहही कमी उचलतात, त्यामुळे फेब्रुवारीचा पिवळेपणा आणखी भडक दिसतो. कुंडी दक्षिणेच्या उन्हात सरकवा.

जुन्या पानांवर तांबूस-तपकिरी डाग येत असतील तर बुरशीनाशक मारायच्या आधी पालाश (पोटॅश) कमी आहे का ते बघा. मुसळधार पावसानंतर हे होतं.

पानं काळी, काजळी लागल्यासारखी, आणि मुंग्यांची ये-जा असेल तर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा, कळ्यांच्या गुच्छात आणि पानाच्या खाली. काजळी त्यांच्या चिकट्यावर वाढते. पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ मिली नीमतेल आणि थोडा द्रव साबण १ लिटरला, आठवड्याच्या अंतराने तीनदा. मुंग्यांचा रस्ता बंद केला नाही तर त्या कीड पुन्हा आणून सोडतात.

हिरवंगार आहे पण फुलं नाहीत? चार-पाच तास ऊन मिळतंय का बघा, आणि कात्री कोण चालवतं ते बघा. एक्झोऱ्याला फुलं फांदीच्या टोकाला येतात. कुंपण चौकोनी दिसावं म्हणून दर पंधरा दिवसांनी शेंडे छाटले तर कळ्याच छाटल्या जातात. फुलांचा बहर ओसरल्यावर एकदा छाटा आणि मग हात आवरा.

भिंतीकडची ओळ

गच्चीवरचा प्रश्न सुटला. यंदा मे महिन्यातही शेंडे हिरवे होते, एक कुंडी सोडून, जिला मी गावाला गेलो तेव्हा शेजाऱ्यांनी प्रेमाने टाकीचं पाणी घातलं. सोसायटीच्या गेटपाशी मात्र आम्ही हरलो. तिथे भिंतीला चिकटून एक्झोऱ्याची ३० फुटांची ओळ होती. खाली बांधकामाच्या वेळचा राडारोडा, मागे प्लास्टर, वरून बोअरचा पाइप. दोन वर्षं ईडीडीएचए घातलं, समितीने खर्चाचा कागद दाखवला आणि मी गप्प बसलो. तेवढ्या पैशात चर खणून माती बदलता आली असती, पण भिंत आणि बोअर तिथेच राहणार होते.

जुलैत त्यातली धट्टीकट्टी सहा झाडं उचलून कुंड्यांत लावली, पाच जगली. भिंतीशी आता कण्हेर आहे. तिला चुना चालतो, जड पाणी चालतं, ऊनही चालतं. ती विषारी असल्यामुळे मुलांच्या खेळायच्या बाजूची दहा फूट जागा तेवढी बोगनवेलीला दिली आहे.